शिबिरात काय काय शिकवतात? चुकीचा प्रश्न!

एप्रिल उजाडला की पूर्वी पेपरातून पत्रकं गळायची. आता व्हॉट्सॅपवर गळतात, एवढाच काय तो फरक. 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर', 'लिटल लीडर्स', 'ज्युनिअर कमांडो', 'संस्कार समर कॅम्प'.. नावं वेगवेगळी, फोटो एकच. हेल्मेट घालून दोरीला लटकलेलं एक हसरं पोरगं. त्याखाली यादी: घोडेस्वारी, तिरंदाजी, रायफल शूटिंग, वैदिक गणित, स्टेज डेअरिंग, मातीकाम, रोबोटिक्स, विस्तवाशिवाय स्वयंपाक. आणि हे सगळं पाच दिवसांत! आमच्या कंपनीतले सेल्सवाले क्लायंटला काहीही कबूल करून येतात, पण पाच दिवसांत एवढं द्यायचं त्यांनीसुद्धा कधी कबूल केलेलं नाही.

बरं, पत्रक काढणाऱ्याचा तो धंदा आहे. पण आईबाप काय करतात? यादी वाचतात. दोन पत्रकं शेजारी शेजारी ठेवतात. "इथे पंधरा अ‍ॅक्टिव्हिटी आहेत, तिथे अकराच, पैसे मात्र तेवढेच.." मोबाईल घेताना कॅमेरा किती आणि बॅटरी किती बघतो, अगदी तसं. शेवटी ज्याची यादी लांब त्याला ऑनलाईन पैसे जातात आणि आपण मुलाच्या उन्हाळ्याचं काहीतरी केलं या समाधानात सगळे झोपी जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. शिबिर निवडताना 'काय काय शिकवणार?' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असेल तर हे विचारा: माझ्या मुलासोबत कोण राहणार आहे, आणि ती सगळी मिळून कोणतं खरं काम करणार आहेत? बाकी सगळी तोरणं-पताका.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, "तुला पोर नाही, बाळ नाही, तू कशाला बोलतोस?" खरं आहे. माझं अजून लग्नही व्हायचंय. (आई हे वाचणार असेल तर तिच्या लक्षात एवढं एकच वाक्य राहील, याची खात्री आहे.) पण दोन भाचे आहेत, एक पुण्यात आणि एक शहाद्यात, आणि दर एप्रिलमध्ये ताई मला पत्रकं पाठवून "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा यातलं कोणतं चांगलं" असं विचारते. शिवाय ज्याला मूल आहे त्यानेच मुलांबद्दल बोलावं असा नियम केला, तर साने गुरुजींनाही गप्प बसावं लागलं असतं.

आधी माझ्या विषयातलं

कोडिंग कॅम्प. यावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण पोट त्यावरच भरतं. आठ वर्षांच्या मुलाने सुट्टीत पाच दिवस कोडिंग 'शिकलं' म्हणजे काय होतं? आधीच तयार असलेले रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले, मांजर डावीकडून उजवीकडे चालली, सर्टिफिकेट मिळालं. मजा येत असेल तर जरूर करावं, त्यात वाईट काही नाही. पण त्याने करिअर होतं, मागे पडायची भीती टळते, ही शुद्ध थाप आहे. २०२० साली व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिराती आठवतात? त्यातला 'वुल्फ गुप्ता' नावाचा कोट्यवधींचं पॅकेज मिळवलेला मुलगा मुळात अस्तित्वातच नव्हता. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि त्यातल्या काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी बायजूजने ती कंपनी तीस कोटी डॉलरला विकत घेतली होती. पुढे २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. ज्यांना स्वतःचं भविष्य चार वर्षं पुढचं दिसलं नाही, ते तुमच्या पोराचं वीस वर्षं पुढचं विकत होते!

कामावर आम्ही नवीन पोरं घेतो तेव्हा खरी बोंब कुठे असते, सांगू? कोड लिहिता येत नाही ही अडचण फार क्वचित असते, तेवढं सहा महिन्यांत येतं. अडचण असते ती वेगळी. आपल्यासारखं न बोलणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. चुकलं तर दुसऱ्याला विचारता येत नाही. कोणाच्याच नावावर नसलेलं काम उचलता येत नाही. आता यातलं पाच दिवसांत नेमकं काय शिकवलं जाणार? शिकवता येत नाहीच. तशा माणसांत राहावं लागतं.

आता माझ्या जिल्ह्यातलं

मी नंदुरबार जिल्ह्यातला. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. खाली तापीकाठची सपाट काळी जमीन, वर सातपुडा, सातपुड्यापलीकडे नर्मदा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात दर शंभरात एकोणसत्तर आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. एका जिल्ह्यात मराठीशिवाय अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची अशा बोली चालतात.

आणि या जिल्ह्यात, माझ्यासारख्या नोकरदार किंवा व्यापारी घरातलं दहा वर्षांचं पोरगं घ्या. त्याला विचारा, तुझ्या ओळखीचा धडगावचा एक तरी मुलगा आहे का? नाव सांग. घरी आला होता का कधी? जेवला होता का? पोरगं सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयाबद्दल बोलेल, पण डोंगरावरच्या त्याच्याच वयाच्या मुलाचं नाव त्याला सांगता येणार नाही. शंभरातल्या एकोणसत्तरांपैकी एकाचंही नाही! कामाला येणाऱ्या बाईचा मुलगा, उसाच्या टोळीतला मुलगा, मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी मुलगी, एवढ्यापुरतेच ते त्याला दिसतात. म्हणजे दिसतात, पण भेटत नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. शाळा आपण तशी निवडली, कॉलनी तशी निवडली. वर्षातले पाच-दहा दिवस असे असतात की जेव्हा आपलं मूल कोणासोबत जेवेल, झोपेल, भांडेल हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. ते दिवस म्हणजे शिबिर. तिथेही आपण काय करतो? पैसे मोजून, मुद्दाम, आपल्यासारखीच मुलं निवडतो. एकाच पगाराच्या, एकाच माध्यमाच्या शाळेतली चाळीस मुलं दोनशे किलोमीटर लांब नेऊन एकत्र ठेवायची आणि त्याला 'एक्स्पोजर' म्हणायचं. कसलं एक्स्पोजर, राव? सोसायटीचं गेट तेवढं डोंगरावर नेऊन ठेवलं.

सातपुडा विकणे आहे

हल्ली शिबिरवाल्यांना सातपुडाही सापडलाय. तोरणमाळ आहेच सुंदर. हजार मीटरहून जास्त उंची, सात पायरीचा घाट, यशवंत तलाव, सीताखाई. खाली शहाद्यात मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसची आच लागत असताना वर संध्याकाळी वारा सुटतो. मुलांना तिथे न्यायला कोणाची हरकत असणार? माझी तर मुळीच नाही.

हरकत आहे ती पत्रकातल्या एका ओळीला. यंदा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आलेल्या एका पत्रकात झिपलाईन आणि बार्बेक्यूच्या मधे ही ओळ होती: 'ट्रायबल व्हिलेज एक्स्पिरियन्स, ४५ मिनिटं.' पंचेचाळीस मिनिटं! आमच्याकडे डेली स्टँडअप मीटिंगसुद्धा कधी कधी त्याहून जास्त चालते. शेजारी दोन पावरा मुलींचा फोटो. शिबिराला येणाऱ्या मुलांच्या फोटोंखाली नावं होती, गेल्या वर्षीचे 'हॅपी कॅम्पर्स' म्हणून. या दोघींच्या फोटोखाली नाव नव्हतं.

आणि रात्री शेकोटीभोवती 'आदिवासी नृत्य'. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे, तिथे बावा-बुध्या होणारी माणसं आधी दिवसेंदिवस व्रत पाळतात. रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते. नवसाची, श्रद्धेची गोष्ट आहे ती. तोच साज चढवून कोणी मे महिन्यात पाहुण्यांसमोर वीस मिनिटं नाचतो, तेव्हा तो त्याच्या पोटासाठी नाचतो. त्याला दोष नाही. पण तुमच्या मुलाला त्यातून काय कळलं? हेच की ही माणसं आपल्यासमोर नाचण्यासाठी असतात. हे न शिकता परत आलं असतं तर बरं झालं असतं.

शिवाय मे महिना म्हणजे वरच्या गावांचा मोकळा वेळ असतो हा समज कोणी करून दिला? मार्च-एप्रिल मोहफुलं वेचण्यात जातो. पहाटे उठून, फुलं उन्हाने सुकायच्या आत. मग चारोळी. मग कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, उन्हात वाळवायच्या. धडगावकडची आमचूर सगळीकडे जाते, ती अशी घराघरात तयार होते, आणि त्यात पोरांचे हात असतात. ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली कुटुंबंही याच सुमारास परततात. अशा ऐन धबडग्यात आपली वातानुकूलित बस दारात उभी करायची आणि 'एक्स्पिरियन्स' मागायचा.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. या जिल्ह्यातली हजारो आदिवासी मुलं आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहतात. नंदुरबार आणि तळोदा, अशी आदिवासी विकास विभागाची दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, आणि त्यांच्या हाताखाली या निवासी शाळा. सहा-सात वर्षांचं पोर जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन जातं ते सणासुदीला आणि मग उन्हाळ्यातच घरी येतं. म्हणजे घरापासून लांब राहणं, आपली ताटली आपण धुणं, आपलं अंथरूण आपण घालणं, अनोळखी मुलांत झोपणं हे सगळं ते मूल वर्षातले दहा महिने करतं, कोणी सर्टिफिकेट देत नाही. आपण मात्र 'घरापासून दूर राहण्याचा स्वावलंबी अनुभव' पाच दिवसांसाठी विकत घेतो, आणि तोही कुठे? त्या मुलाच्या दारात. तो नुकताच आईजवळ आलेला असताना.

ज्यांनी शिबिर शोधलं ते काय करत होते?

"हे सगळं समाजसुधारणेचं झालं. शिबिर ही साधी मजेची गोष्ट आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

स्काउट चळवळीची सुरुवात ज्या शिबिरातून झाली, ते बेडन-पॉवेलने १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर भरवलं. जेमतेम वीसेक मुलं. त्यात ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं होती आणि जवळच्या पूल व बोर्नमथमधल्या कामगारवस्तीतली मुलंही होती. मुद्दाम मिसळलेली, एकाच तुकडीत. आणि फी? श्रीमंत घरच्या मुलाला एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे जवळपास सहापट फरक. आज 'स्काउट स्टाईल' म्हणून शिट्ट्या, गाठी आणि तंबू उचललेत, फीचा तक्ता मात्र कोणी उचलला नाही :)

पण नुसतं एकत्र कोंबलं की मुलं मित्र होतात, असं समजू नका. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या रॉबर्स केव्ह पार्कात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने एक शिबिर भरवलं. अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं, सगळी साधारण एकसारख्या घरांतली. दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं. थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी! मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, उलट जेवणाची फेकाफेक. फरक कशाने पडला? पिण्याच्या पाण्याची व्यवस्था बिघडली ती सगळ्यांनी मिळून शोधून काढायला लागली तेव्हा. जेवण आणणारा ट्रक अडकला आणि तो सगळ्यांनी मिळून दोरीने ओढला तेव्हा. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, संशोधकांनी मुलांना भडकवलं असंही म्हटलं गेलं, आणि मुलांच्या आयुष्याशी असं खेळणं मलाही पटत नाही. पण एक गोष्ट त्यातून नीट दिसते: बक्षिसांनी शत्रू होतात आणि गरजेच्या कामाने दोस्त. आता आपल्या शिबिरांचा शेवटचा दिवस आठवा. 'बेस्ट कॅम्पर', 'बेस्ट ग्रुप', मेडल, कप. म्हणजे नेमकं उलटं!

आणि एवढं लांब तरी कशाला जायला हवं? सुरत-भुसावळ गाडीत नंदुरबारला बसलात तर त्याच मार्गावर अमळनेर लागतं. तिथे १९२४ ते १९३० साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांनी पसरलेलं स्वतः आवरायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. तिथे अ‍ॅक्टिव्हिटीची यादी नव्हती. एक मोठं माणूस होतं, ते मुलांबरोबर राहत होतं, आणि रोजचं काम होतं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. म्हणजे मुलांच्या कामाची वेळ बघून शाळेने आपली वेळ बदलली. बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी साठच्या दशकाच्या अखेरीपासून चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्याच्या उन्हात भरत आली आहे, तरुण मुलं-मुली तिथे सकाळी कुदळ-फावडं घेतात. आणि आमच्याच जिल्ह्यात, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी-निमगव्हाणला जीवनशाळा उभ्या राहिल्या, मुलांच्या बोलीतून शिकवणाऱ्या. त्या शाळांचा बालमेळा भरतो. गावोगावची मुलं एकत्र येतात, खेळतात, राहतात. धरणाबद्दल, आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण मुलांनी एकत्र राहायचं म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला उटी-मनालीला जायची गरज नाही, एवढं तरी मान्य करा.

"पण.." म्हणणाऱ्यांसाठी

पण एक: "आम्ही दोघं नोकरी करतो. सुट्टीत मुलाला ठेवायचं कुठे?" अगदी रास्त. ताईचाही हाच प्रश्न आहे, आणि 'पूर्वी मामाच्या गावाला पाठवायचे' असले उसासे टाकून तो सुटत नाही. (त्या मामाच्या गावात दिवसभर वीस जणांच्या पोळ्या लाटणाऱ्या मामीला कोणी विचारलं होतं का?) पण मग त्याला पाळणाघर म्हणा ना! पाळणाघर घराजवळ हवं, सावली हवी, पाणी हवं, भरवशाची माणसं हवीत. एवढं बघा आणि निर्धास्त कामाला जा. त्याच्याकडून व्यक्तिमत्त्वाचा विकास मागू नका आणि त्याचे पैसेही देऊ नका.

पण दोन: "गरिबांच्या मुलांत ठेवलं तर सेफ्टीचं काय?" हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, पण सगळ्यांच्या मनात असतो. म्हणून मोठ्याने उत्तर देतो. १८ जानेवारी २०२४, वडोदऱ्याचा हरणी तलाव. खासगी शाळेची सहल, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट, बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. २५ मे २०२४, राजकोट. सुट्टीतला शनिवार, गेम झोनला आग. सत्तावीस बळी, त्यात लहान मुलं. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. दोन्ही ठिकाणी तिकीट होतं, रंगीत बोर्ड होता, गर्दी 'आपल्यासारख्यांची' होती. धोका गरीब मुलाच्या शेजारी झोपल्याने येत नाही. न विचारल्याने येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करायला सांगितलं आहे. झिपलाईनचा फोटो बघून खूश झालेल्या किती पालकांनी तो नोंदणीचा कागद मागितला? सॉफ्टवेअरचं टेस्टिंग न करता रिलीज केलं तर आम्हाला रात्रभर जागवतात, आणि इथे पोरगं दोरीला टांगताना कोणी काही विचारत नाही.

पण तीन, आणि हा खरा बिनतोड 'पण' आहे: "डोंगरावरच्या मुलांना तरी तुमच्या मुलांसोबत राहायचंय का?" बरोबर. त्यांना विचारलंय कोणी? कदाचित ते नको म्हणतील. त्यांच्या बोलीला हसणारी, मोबाईल नाही म्हणून कीव करणारी मुलं कोणाला हवीत? म्हणून तर मी दानधर्म करा म्हणत नाही. 'दोन गरीब मुलांची फी आम्ही भरली' असा फोटोही नको. बरोबरीने असेल तर हो, नाहीतर राहू दे. आणि बरोबरी तपासायची एक सोपी कसोटी आहे: परतीचं आमंत्रण. आपलं मूल त्यांच्या घरी तीन रात्री राहिलं, तर त्यांचं मूल आपल्या घरी तीन रात्री राहील का? आपल्या बाथरूममध्ये आंघोळ करेल, आपल्या डायनिंग टेबलवर जेवेल, आपल्या मुलाच्या सायकलवर फिरेल? हे वाचताना पोटात किंचित गोळा आला असेल, तर शिबिराची गरज मुलाला कमी आणि तुम्हाला जास्त आहे.

मग करायचं काय?

पैसे भरायच्या आधी फोन उचला आणि एवढे प्रश्न विचारा. यादीतल्या पंधरा अ‍ॅक्टिव्हिटींपेक्षा हे महत्त्वाचे आहेत.

१. इतर मुलं कोण आहेत? कोणत्या शाळांची, कोणत्या गावांची? सगळ्यांना एकच फी आहे का?

२. दिवसातून कोणतं काम मुलं स्वतः करणार? म्हणजे ते न केल्यास खरोखर अडेल असं काम. पाणी भरणं, भाजी चिरणं, भांडी, झाडलोट. 'श्रमदान सेशन, अर्धा तास, फोटोसह' चालणार नाही.

३. रात्री मुलांजवळ कोण असतं? त्यांची नावं, किती वर्षांपासून आहेत, मुलींसाठी बाई आहेत का, चौकशी करून घेतलेली माणसं आहेत का?

४. उन्हाच्या वेळी, अकरा ते चार, मुलं कुठे असतात? पत्र्याच्या शेडखाली का? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर? पाण्यात किंवा दोरीवर नेणार असाल तर नोंदणी दाखवा.

५. गावात नेणार असाल तर गावाने कधी या म्हणून सांगितलं? गावातली मुलं शिबिरात आहेत, की फक्त फोटोत?

६. दिवसात रिकामा वेळ किती? ज्यात काहीच ठरलेलं नाही असा. उत्तर 'आम्ही मुलांना एक मिनिटही रिकामं ठेवत नाही' असं अभिमानाने आलं, तर नमस्कार करून फोन ठेवा.

ज्याला हे सगळं अवघड वाटतं, त्याने स्वतः करून बघावं. शहाद्यात, तळोद्यात, नंदुरबारात हे सहज जमण्यासारखं आहे. वीस मुलं, दहा खालची आणि दहा वरची. सहा दिवस, त्यातले तीन वर आणि तीन खाली, घरोघरी. तारखा गावाला विचारून, मे महिना अडचणीचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत. फी ब्राउनसीच्या हिशोबाने. दोन ताई-दादा शहरातले, दोन पावरा किंवा भिल्ल शिक्षक, आणि मानधन चौघांनाही सारखं. एक काम वरचं, एक खालचं. वर बालवाडीच्या भिंती रंगवा, खाली वस्तीतल्या ग्रंथालयाची पुस्तकं लावा. शेवटच्या दिवशी कप नाही, मेडल नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या बोलीत दहा वाक्यं बोलता आली पाहिजेत, एवढीच परीक्षा. माझ्यासारखे पुण्या-बंगळुरात बसलेले या जिल्ह्यातले पन्नास जण सहज निघतील, जे असल्या शिबिराला पैसेही देतील आणि सुट्टी टाकून भांडी घासायलाही येतील. मी दोन्हीला तयार आहे.

नंदुरबारला दरवर्षी ९ सप्टेंबरला आपण शिरीषकुमार आणि त्याच्या साथीदारांना हार घालतो. १९४२ च्या त्या दिवशी तो पंधरा वर्षांचा होता. भाषणात सगळे म्हणतात, मुलांमध्ये केवढी हिंमत असते! आणि त्याच गावात आपण आपल्या पोराला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पोराशी ओळख करून द्यायला घाबरतो, आणि मग त्याच्या 'कॉन्फिडन्स बिल्डिंग'साठी हजारो रुपये मोजतो.

कॉन्फिडन्स कोणाचा कमी पडतोय, ते एकदा ठरवून टाका. मग खुशाल पत्रक उघडा.